ब्रेक सुटत का नाही?

[दृश्य: भोसरी एमआयडीसीतली शेड. फोर्कलिफ्टचे काटे जमिनीला टेकलेले, मागच्या चाकांना ठोकळे.]

ही ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट. तिचं स्वतःचं वजनच ४ टनांच्या वर. पूर्ण माल उचलला की ७ टनांहून जास्त ओझं थांबवायचं, तेही फक्त पुढच्या दोन चाकांवर. मागची चाकं वळण्यासाठी; त्यांना ब्रेक नसतो. आणि गोदामात हिच्या पुढून माणसं ये-जा करत असतात.

तक्रार अशी: सकाळी गाडी ठीक चालते. तासाभरानं जड होते, चाकातले ब्रेक ड्रम तापतात, त्यांना आतून घासणारे लायनर जळाल्याचा वास येतो. उभी ठेवली की पुन्हा मोकळी. मग कुणीतरी ड्रम उतरवून लायनर ढिले करतो. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी तेच. कारण दोष चाकात नाही, वर पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये आहे.

[दृश्य: कापून उघडलेला मास्टर सिलिंडर.]

पेडल दाबलं की दट्ट्या पुढे सरकतो. त्याच्या तोंडाशी वाटीसारखं रबर असतं, त्याला कप म्हणतात. ब्रेक तेलाच्या टाकीतून येणारं एक बारीक भोक हा कप ओलांडतो, भोक बंद होतं, आणि मगच पुढच्या तेलात दाब तयार होतो. पेडल सोडलं की कप मागे येतो, भोक उघडतं, जास्तीचं तेल टाकीत परत जातं. भोक केवढं? जेमतेम टाचणी जाईल एवढं.

त्यात कचरा अडकला, किंवा चुकीच्या तेलानं कप फुगून भोकावरच बसला, की परतीची वाट बंद. काम सुरू झालं की ब्रेक तापतात, तेल तापून प्रसरण पावतं, दाब वाढतो आणि पेडलवर पाय नसतानाही ब्रेक लागतो.

सिलिंडरच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्हही असतो. ड्रम ब्रेकच्या अनेक रचनांत तो पाइपात थोडा दाब राखतो, म्हणजे चाकात लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या कपांच्या कडा भिंतीला चिकटून राहतात आणि हवा शिरत नाही. किट, म्हणजे रबरी भागांचा संच, बदलताना तो जुन्या रबरांबरोबर कचऱ्यात जाता कामा नये.

[दृश्य: टाकीचं झाकण उघडं, तेलावर कॅमेरा.]

आधी पेडलचा खेळ, म्हणजे दट्ट्याला ढकलण्याआधीची मोकळी हालचाल, बघा. खेळच नसेल तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही. पेडल आणि दट्ट्यामधला दांडा, म्हणजे पुशरॉड, जुळवला की काम झालं. खेळ ठीक असेल तर पेडल हातानं हळू दाबा. हे बघा, तेलात छोटी उसळी आली. भोक बंद होण्याआधी थोडं तेल असं वर येतं. उसळी नाही, तर भोक बंद.

आता ब्रेक जाम असतानाच मास्टरवरचा पाइपाचा नट किंचित सैल करा. चाक सुटलं, तर दोष मास्टरमध्ये. तिथे नाही, पण चाकावरचं हवा काढायचं निपल उघडल्यावर सुटलं, तर मधला रबरी होज आतून फुगलाय. दोन्हीकडे नाही सुटलं, तरच ड्रम उघडा. एका पान्यात कळणाऱ्या गोष्टीसाठी अख्खं चाक उतरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्या फोर्कलिफ्टमध्ये पॉवर ब्रेकला दाबाखालचं तेल साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर असतो. इंजिन बंद झालं तरी त्यात दाब राहतो. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, मगच पाइपाला हात लावा. यात हयगय नको.

[दृश्य: सुटे भाग, ताटात.]

सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडले असतील तर नुसतं किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदला. भोक हवेनं साफ करा. जाड तारेनं कोरलं तर कड खरवडते आणि नवा कप तिथेच फाटतो. डॉट ३ या ब्रेक ऑइलवर चालणारे भाग डिझेलनं किंवा रॉकेलनं धुऊ नका, रबरं फुगतात. ताजं ब्रेक ऑइलच घ्या. काही फोर्कलिफ्टच्या ब्रेकला मात्र खनिज हायड्रॉलिक तेल लागतं. तिथे डॉट ३ घातलं तर त्या रबरांचं तितकंच नुकसान. म्हणून कुठलं तेल, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा.

जोडणी झाली की लांबच्या चाकापासून हवा काढा. इंचिंग पेडल, म्हणजे गाडी इंचाइंचानं सरकवण्याचं पेडल, असेल तर तेही तपासा: आधी क्लच सुटायला हवा, मग ब्रेक लागायला हवा.

चाचणी आधी रिकाम्या गाडीनं, मग मालासह. तासभर काम झाल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात न्या. दोन्हींची ऊब सारखी हवी. एकच बाजू जास्त तापली, तर त्या चाकाचा होज पुन्हा बघा.