दुखण्याचे माप

(दृश्य : म्हापशाचा मासळी बाजार, सकाळ)

म्हापशाच्या मासळी बाजारात बांगड्यांच्या पाट्या उतरून झाल्या आहेत. विक्रीला बसलेल्या बायकांपुढे गिऱ्हाइकांची गर्दी दाटू लागली आहे. या रांगेतल्या बऱ्याच जणी बुटक्या पाटावर, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आहेत, आणि बर्फ आणायला किंवा पाणी मारायला उठावे लागेल तेवढे सोडले तर दुपारपर्यंत त्यांची बैठक मोडणार नाही. त्यांच्यामध्ये आज एक मुलगी मांडीवर पुठ्ठा आणि कागद घेऊन बसली आहे. ती पेडणे तालुक्यातली आहे. फिजिओथेरपीची पदवी घेऊन ती आता बेळगावला पदव्युत्तर शिक्षण घेते आहे, आणि मासळी विकणाऱ्या बायकांची गुडघेदुखी हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे.

"कितें जाता, मावशे?" ती विचारते.

"दुखता, बाये."

"कशें दुखता?"

मावशी विचारात पडते, काही सांगू लागते, आणि नेमके त्याच वेळी समोर गिऱ्हाईक उभे राहते. मुलगी पेन्सिल थांबवते आणि वाट पाहते. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या कुठल्याही वेळापत्रकात या वाट पाहण्याला तास नेमून दिलेला नाही, पण संशोधनाचे बरेचसे शिक्षण याच वेळात घडते, असे आम्हाला हा माहितीपट तयार करताना पुन्हा पुन्हा जाणवले.

(दृश्य : पणजी, जुन्या वैद्यकीय शाळेची इमारत, नंतर बांबोळी)

गोव्याला वैद्यकीय शिक्षण नवे नाही. पणजीत 1842 साली पोर्तुगीज अमलाखाली वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि तिचाच वारसा आजच्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे आला. फिजिओथेरपी मात्र एक स्वतंत्र शिक्षणशाखा म्हणून भारतात फार उशिरा आली. 1950च्या दशकाच्या आरंभी, पोलिओने अधू झालेल्या मुलांचा प्रश्न उग्र असताना, मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने या विषयाची पहिली शाळा उभी राहिली, आणि 1955मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली. पुढे पदवीचा अभ्यासक्रम सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा झाला, त्यावर दोन वर्षांची मास्टर्सची पदवी आली, आणि 2021च्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या छत्राखाली आणले. गोव्यातली मुले या शिक्षणासाठी बेळगाव, मणिपाल, मंगळूर, पुणे, मुंबई अशा ठिकाणी पूर्वीपासून जात आली आहेत. चोर्ला घाटातून जाणाऱ्या बसमध्ये दर रविवारी संध्याकाळी अशी एखादी मुलगी, डब्यात सोलकढीची आमसुले आणि पिशवीत सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर घेऊन, बसलेली असते.

मास्टर्सची दोन वर्षे दोन कामांत वाटलेली असतात. एकीकडे रुग्ण असतात. अस्थी, मज्जासंस्था, हृदय-श्वसन, क्रीडा, बालरोग, सामुदायिक आरोग्य यांपैकी एक शाखा निवडून विद्यार्थी सकाळची ओपीडी, वॉर्ड, केस प्रेझेंटेशन आणि नव्या शोधनिबंधांवर चर्चा करणारा जर्नल क्लब यांत बुडून जातात. दुसरीकडे प्रबंध असतो. पहिल्या काही महिन्यांतच सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, द्यावा लागतो, गाईडची सही लागते, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीपुढे उभे राहावे लागते, मग माहिती गोळा करणे, सगळ्या नोंदींचा एकत्र तक्ता म्हणजे मास्टर चार्ट भरणे, सांख्यिकी आणि शेवटी तोंडी परीक्षा, व्हायवा. हा प्रबंध पुष्कळ विद्यार्थ्यांना पदवीच्या वाटेवरचा टोलनाका वाटतो आणि तो घाईने ओलांडला जातो. आमच्या मते यात दोष विद्यार्थ्यांचा कमी आणि आपल्या अपेक्षांचा जास्त आहे, कारण उपचार कसे करावेत हे त्यांना आपण पदवीची सगळी वर्षे शिकवतो, पण आपला उपचार खरोखर लागू पडतो का, हे प्रामाणिकपणे तपासायला शिकण्यासाठी ही दोनच वर्षे देतो.

(दृश्य : प्रयोगशाळेतले टेबल, प्लास्टिकचा गोनिओमीटर)

तपासणी सुरू होते मापापासून. पडद्यावर दिसणारे हे साधे साधन गोनिओमीटर आहे. शाळेतल्या कोनमापकाला दोन लांब हात जोडावेत तसे. गुडघा किती वाकतो हे मोजताना त्याचा मध्यबिंदू मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी बाहेरच्या बाजूला असलेल्या उंचवट्यावर ठेवायचा, एक हात खुब्याच्या उंचवट्याच्या रोखाने धरायचा आणि दुसरा घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या रोखाने. निरोगी गुडघा साधारण 135 अंशांपर्यंत वाकतो. वाचायला हे सोपे वाटते. पण एकाच गुडघ्याचे माप दोघींनी घेतले तर ते चार-पाच अंशांनी सहज वेगळे येते, आणि एकीनेच सकाळी व दुपारी घेतले तरीही तंतोतंत जुळेलच असे नाही. म्हणून उपचारानंतर गुडघा चार अंश जास्त वाकू लागला असे कोणी म्हटले, तर संशोधन शिकलेल्या व्यक्तीने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हे चार अंश गुडघ्याचे आहेत की मोजणाऱ्या हाताचे. आपल्या विद्यार्थिनीने बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी कितीतरी दिवस वर्गमैत्रिणींचेच गुडघे मोजले, एका आठवड्याने तेच पुन्हा मोजले, आणि दोन्ही वेळच्या आकड्यांचा मेळ किती बसतो हे सांख्यिकीने तपासून पाहिले. हा सराव कंटाळवाणा आहे, पण तिच्या पुढच्या प्रत्येक आकड्याचा भरवसा त्यावर अवलंबून आहे.

त्यानंतर येतात प्रश्नावल्या, आणि गोव्यासारख्या ठिकाणी खरी अडचण इथे उभी राहते. गुडघ्याच्या संधिवातासाठी जगभर वापरली जाणारी वोमॅक नावाची प्रश्नावली 1980च्या दशकात कॅनडातल्या दोन विद्यापीठांच्या कामातून तयार झाली. तिच्यात 24 प्रश्न आहेत : 5 वेदनेचे, 2 ताठरपणाचे आणि 17 रोजच्या हालचालींचे. या 17 प्रश्नांत मोजे घालताना किती त्रास होतो हे विचारले आहे, मोजे काढताना किती होतो हेही विचारले आहे, मोटारीत बसताना-उतरताना आणि न्हाणीच्या टबात शिरताना-निघताना काय होते हेही विचारले आहे. उकिडवे बसण्याविषयी त्यात एकही प्रश्न नाही. मांडी घालून बसण्याविषयी नाही. पाटावरून उठताना, आदोळीवर नारळ खवताना, देवळात नमस्कारासाठी गुडघे टेकताना किंवा चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघ्यांवर बसताना काय होते, हे त्या प्रश्नावलीला ठाऊक नाही. ज्या बाईने आयुष्यात कधी मोजे घातले नाहीत, तिने मोज्यांच्या प्रश्नापुढे "काही त्रास नाही" अशी खूण केली, तर कागदावर तिचा गुडघा बरा ठरतो.

यात त्या प्रश्नावलीला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती ज्या लोकांसाठी केली त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. तिला आपल्याकडे आणण्याची एक शिस्तशीर रीत 2000 साली प्रसिद्ध झाली आणि आज ती सर्वमान्य आहे. मूळ मजकुराची दोन स्वतंत्र भाषांतरे करायची, त्यांचा मेळ घालायचा, मूळ मजकूर न पाहिलेल्या दोघांकडून ते पुन्हा मूळ भाषेत उलटवून घ्यायचे, जाणकारांच्या समितीने प्रत्येक शब्द तपासायचा, आणि मग 30 ते 40 माणसांवर ती चाचपून पाहायची. प्रश्नावलीच्या मालकांची परवानगी आधी घ्यायची हे वेगळे सांगायला नको.

गोव्यात मराठी वाचणारे पुष्कळ आहेत, कोकणी तर घराघरांत बोलली जाते, आणि ती कोणी देवनागरीत वाचतो तर कोणी रोमी लिपीत. त्यामुळे एकाच प्रश्नाला इथे तीन रूपे लागतात. पण रूपांपेक्षाही अवघड असतो तो शब्द. मराठीत ठणका वेगळा आणि कळ वेगळी, चमक वेगळी आणि रग वेगळी. पाय भरून येणे वेगळे आणि पायाला मुंग्या येणे वेगळे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975मध्ये आपली वेदना-प्रश्नावली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी दुखण्याची 78 इंग्रजी विशेषणे 20 गटांत लावली होती, कारण माणूस कोणता शब्द वापरतो यावरून दुखणे कोठून येते याचा माग लागतो हे त्यांना दिसले होते. चमक आणि मुंग्या म्हटल्या की फिजिओथेरपिस्टचे लक्ष नसेकडे जाते, रग म्हटली की स्नायूकडे. आपल्या बोलीतल्या अशा शब्दांची काळजीपूर्वक जुळवाजुळव करणे हे गोव्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला पीएचडीपर्यंत पुरेल एवढे काम आहे, आणि ते बाहेरचे कोणी येऊन करणार नाही.

(दृश्य : पावसाळा, रिकामे ओटे)

जून उजाडतो. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बाजारात खाडीची, तळ्यातली किंवा बाहेरून आलेली मासळी असते आणि ओट्यांवरची वर्दळ उतरते. पुढे श्रावण आणि चवथ येते, तेव्हा हिंदू घरांतली मागणीही थंडावते. या महिन्यांत माहिती गोळा केली तर बायकांचे गुडघे कमी दुखताना दिसतील, आणि संशोधक भलताच निष्कर्ष काढून बसेल. उलट शुक्रवारी, म्हापशाच्या आठवड्याच्या बाजारादिवशी, दुखणे सर्वांत जास्त भासेल आणि बोलायला कोणालाच सवड नसेल. म्हणून आपल्या विद्यार्थिनीने आपल्या आराखड्यात लिहिले आहे, की माहिती ऑक्टोबर ते मेपर्यंत, शुक्रवार वगळून, सकाळच्या ठरावीक वेळीच घेतली जाईल. संशोधनपद्धतीच्या पुस्तकात याला पूर्वग्रह टाळणे म्हणतात. इथे त्यासाठी समुद्र, पंचांग आणि बाजार या तिन्हींची माहिती असावी लागते.

संमतिपत्राचेही तसेच आहे. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीच्या 1964च्या हेलसिंकी घोषणापत्रापासून आणि आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, माणसाला समजेल अशा भाषेत सगळे सांगितल्यावाचून त्याच्यावर संशोधन करता येत नाही. जिला वाचता येत नाही तिला ते वाचून दाखवायचे, अंगठा घ्यायचा, आणि संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्यायची. "नाही" म्हणण्याचा तिचा अधिकार तिला खरोखर कळला पाहिजे, कारण पांढऱ्या कोटातल्या मुलीला नाही म्हणणे आपल्याकडे अजून अवघड जाते. आपली विद्यार्थिनी म्हणूनच बाजारात कोट घालून जात नाही.

तिची एक वर्गमैत्रीण व्यायामाच्या दोन पद्धतींची तुलना करते आहे. तिला पहिला रुग्ण घेण्यापूर्वी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर आपला अभ्यास नोंदवावा लागला. ही नोंदणी 2007मध्ये सुरू झाली आणि 1 एप्रिल 2018पासून तिथे अभ्यास सुरू होण्याआधीची नोंदच स्वीकारली जाते. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवते, आणि शेवटी माप घेणाऱ्या व्यक्तीला गट ठाऊक नसतो. व्यायाम करवून घेणाऱ्यापासून आणि करणाऱ्यापासून मात्र तो लपवता येत नाही. म्हणूनच फिजिओथेरपीच्या प्रयोगांना 10पैकी गुण देणाऱ्या पेड्रो मोजपट्टीवर व्यायामाचा चांगला प्रयोगही बहुधा 8च्या पुढे जात नाही. ही मर्यादा आधीच मान्य करून काम करणे हेही शिक्षणच आहे.

नमुन्याच्या आकाराविषयी थोडे बोलले पाहिजे. "30 रुग्ण पुरेत" हे वाक्य आपल्या महाविद्यालयांत इतक्या वेळा ऐकू येते की तो जणू नियमच वाटतो. खरे तर किती माणसे लागतील हे आपण केवढा फरक शोधतो आहोत आणि ते माप माणसामाणसांत किती बदलते यावर ठरते, आणि ते गणित आधी करायचे असते. 30 जणांवर घाईने केलेल्या अभ्यासात खरा गुणही हरवू शकतो आणि भासमान गुणही खरा वाटू शकतो, आणि असा प्रबंध मग ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहतो. ज्या बायकांनी त्यासाठी आपली सकाळ दिली, त्यांची ती सकाळ वाया गेलेली असते.

(दृश्य : पेडण्यातले एक घर, पडवी)

बाजारातल्या काही जणींना ती घरी जाऊन भेटते, कारण चालण्याच्या चाचणीला बाजारात जागा नाही. खुर्चीतून उठायचे, 3 मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे, एवढीच ती चाचणी आहे. 1991पासून जगभर वापरात असलेली. पण प्रत्येक घरातली खुर्ची वेगळ्या उंचीची, कुठे तर अंगणातल्या सोप्याशिवाय, म्हणजे बांधीव बाकाशिवाय, बसायला काहीच नाही. म्हणून ती हात असलेली एकच खुर्ची भावाच्या रिक्षातून सगळीकडे नेते, टेपने 3 मीटर मोजून खडूने रेघ ओढते, आणि घड्याळाचे बटण दाबते. शेजारची मुले रेघेवर येऊन उभी राहतात. त्यांना बाजूला करून चाचणी पुन्हा घ्यावी लागते.

संध्याकाळी ती मास्टर चार्ट भरायला बसते. वय, उंची, वजन, धंद्याची वर्षे, गुडघ्याचे अंश, सेकंद, प्रश्नावलीचे गुण. सांख्यिकीला एवढे रकाने पुरतात. तिने गाईडच्या संमतीने शेवटी आणखी एक रकाना वाढवला आहे, आणि त्यात आकडा लिहायचा नाही. म्हापशाच्या त्या मावशीने गिऱ्हाईक गेल्यावर आपले अर्धे राहिलेले उत्तर पुरे केले होते. पहिल्या ओळीत, 118 अंशांच्या पुढे, विद्यार्थिनीने ते जसेच्या तसे उतरवले आहे : बसल्यावर नाही दुखत, उठताना आत काहीतरी अडकते, आणि मग पाय आपला वाटत नाही.