परड्यातली सदाफुली

(परडं. कोवळं ऊन. आंब्याखाली रिकामी खुर्ची.)

खानापूर तालुक्यातलं आमचं परडं. लाल माती, कडेला काजू, मधे आंबा. फाल्गुनात मोहराचा वास पार माजघरापर्यंत येतो. यंदा आई त्या वासानं दार लावून घ्यायची. केमोनंतर तिला कुठलाच वास सोसायचा नाही.

आईला लिम्फोमा आहे, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. दर २१ दिवसांनी बेळगावला जायचं, अशा ६ खेपा. सिस्टर कानडीत बोलतात, आई मराठीत उत्तर देते. दोघींचं कधी अडलं नाही.

सलाईनमधून जाणाऱ्या औषधांतलं एक, व्हिन्क्रिस्टिन, सदाफुलीपासून मिळतं. हीच ती, विहिरीकडेची, जिला आजवर कुणी मुद्दाम पाणी घातलं नव्हतं. ग्रॅमभर औषधाला शेकडो किलो सुकी पानं लागतात. आईला एका खेपेला जातं ते फार तर २ मिलिग्रॅम.

हे कळताच शेजारच्या काकू काढ्यासाठी मूठभर पाला घेऊन आल्या. मायेनंच आणला होता. पण नुसता पाला विषारी. डॉक्टरांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं.

१९६३ पासून हे औषध वापरात आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरलाही देतात. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पोरांनाबी हेच? घाल रे तिला तांब्याभर पाणी.”

तिला स्वतःला मातीत हात घालायची बंदी. खेपेनंतर आठ-दहा दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात, आणि मातीत बुरशी असते. मग ती तोंडाला मास्क लावून खुर्चीत बसायची आणि सांगायची. “आळं मोठं कर की. मी असतो तर कवाच झालं असतं.” आम्ही खणायचो. दार लावून बसणारी आई आता सकाळी आमच्या आधी परड्यात असायची.

(अबोलीची परडी. आईचे हात.)

त्याच औषधानं बोटं बधिर होतात. ब्लाउजची हुकं लागेनात, सुईत दोरा जाईना. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी गुढीला हार विकत आणतो म्हटलं, तर रागावली.

पेशी वर आल्या होत्या, डॉक्टरांची परवानगी होती. हातमोजेही काढले. अबोलीचं एकेक फूल चिमटीत धरून, ते धरलंय का हे डोळ्यांनी बघून, तिनं दोऱ्यात गुंफलं. सकाळची दुपार झाली.

हार विरळ झाला. मधेमधे दोरा दिसत होता. शेवटी तिनं विहिरीकडं बोट दाखवलं, “त्यातली दोन आण.”