गाळ कुठल्या खाणीचा?

या दोन बरण्या आणि हा दगडाचा तुकडा, तिन्ही हातोहात फिरू द्या. मी बोलत राहतो. एका बरणीत नदीची वाळू आहे, दुसरीत तांब्याच्या खाणीचा गाळ, ज्याला टेलिंग्ज म्हणतात. बोटांत चोळून बघा. वाळू चुरचुरते. गाळ पिठासारखा बोटाला चिकटतो, पण भिंगातून पाहिलंत तर त्याचे कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार दिसतील. वाळू पाण्याने घासत घासत गोल झालेली असते, हा गाळ मात्र गिरणीत दळलेला आहे. दगडाच्या तुकड्यात पिवळी चमक दिसेल, ती तेवढी लक्षात ठेवा.

तांब्याच्या खनिजात हल्ली बहुतेक ठिकाणी एक टक्कासुद्धा तांबं नसतं. म्हणजे शंभर किलो दगड दळायचा आणि त्यातला नव्याण्णव किलोंहून जास्त टाकून द्यायचा. सोन्याचा हिशेब तर टनाला काही ग्रॅमचा! हा सगळा गाळ पाण्यासकट बंधाऱ्याआड साठवतात. ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्यो इथला लोहखाणीचा असा बंधारा 25 जानेवारी 2019 रोजी फुटला आणि 270 माणसं गेली. तेव्हा हा गाळ काँक्रीटमध्ये जिरवावा असं कुणालाही वाटणारच. जगात दरवर्षी सुमारे 4 अब्ज टन सिमेंट लागतं, वाळू-खडी तर त्याच्या कितीतरी पट.

पण जिरवायचा म्हणजे कशाच्या जागी? वाळूच्या, की सिमेंटच्या? इथे फार गल्लत होते. काँक्रीटचा कार्बन मुख्यतः सिमेंटमध्ये आहे. सिमेंटसाठी शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. भट्टी 1450 अंशांपर्यंत तापवायला जाळलेल्या इंधनाचा धूर वेगळा. वाळूच्या जागी गाळ टाकला तर नदीचं पात्र वाचेल, आणि तेही थोडंथोडकं नाही, पण कार्बन जवळपास तिथेच राहतो. कधीकधी वाढतोसुद्धा. मी पहिल्यांदा निम्मी वाळू काढून गाळ घातला, तेव्हा स्लंपचा शंकू, म्हणजे ओलं काँक्रीट किती पसरतं ते पाहायचा साचा, उचलल्यावर माल ढिम्म हलला नाही. जेवढे कण बारीक, तेवढा त्यांचा पृष्ठभाग जास्त, तेवढं पाणी जास्त. पाणी वाढवलं की ताकद घटते; ती राखायला मग सिमेंट वाढवा. पर्यावरणासाठी म्हणून सुरू केलेला खटाटोप उलटा अंगावर येतो तो असा.

मग सिमेंटच्याच जागी घालू या. त्यासाठी गाळाने चुन्याशी रासायनिक क्रिया करायला हवी, आणि बऱ्याच गाळात असतं मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी. हा अगदी मख्ख गडी, साध्या तापमानाला कुणाशी बोलत नाही. केओलिनवाल्या, म्हणजे चिनी मातीच्या जातीच्या, मातीचं मात्र तसं नाही. कित्येक खाणींत खनिजावरचा थर म्हणून ही माती काढून फेकतात. ती 700 ते 800 अंशांना भाजली की कामाला लागते. चुनखडीची न भाजलेली भुकटी जोडीला घेतली तर सिमेंटमधलं क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे ते भाजलेले खडे, निम्म्यापर्यंत कमी करता येतं. माझा जीव या वाटेवर जास्त आहे.

आता ती पिवळी चमक. ती पायराइटची, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाची. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये खाणकामगार पायराइटला मंडिक म्हणत. तिथे आणि शेजारच्या डेव्हनमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाणीबाहेर पडलेला फुकटचा दगड खडी म्हणून वापरून सर्रास घरं बांधली. पायराइटला हवा आणि ओल लागली की लोखंड गंजतं आणि गंधकाचं आम्ल बनतं. ते आम्ल सिमेंटमधला चुना खातं, त्यातून फुगणारे क्षार तयार होतात आणि ब्लॉक आतून भुसभुशीत होतो. काँक्रीटची ताकद 28 दिवसांना ठोकळा दाबून, फोडून तपासतात; हे तेवढ्यात होत नाही, त्याला वर्षं लागतात. तिथलं 1950च्या आधीचं घर घ्यायला कर्ज हवं असेल, तर आजही भिंतीतून नमुना काढून मंडिकची तपासणी मागतात.

म्हणून "आमच्या गाळाचा ठोकळा 28 दिवसांना उत्तम फुटला" असा अहवाल कुणी हातात दिला, की मी आधी गंधकाचा रकाना शोधतो. युरोपीय मानकात खडी-वाळूतल्या एकूण गंधकाची मर्यादा सर्वसाधारणपणे 1 टक्का आहे. पायरोटाइट, म्हणजे लोखंड-गंधकाचंच दुसरं खनिज, असल्याचं कळलं तर ती 0.1 टक्का होते, कारण हा भाऊ पायराइटपेक्षा तापट. त्यानंतर आर्सेनिक, शिसं पाण्यात उतरतंय का ते पाहायचं, आणि तेही भुगा करून. इमारत कधीतरी पाडली जाणारच.

गंधकवाल्या गाळाला एक जुनी, बिनचमकधमकीची जागा आहे: खाणच. थोडं सिमेंट मिसळून घट्ट लगदा करायचा आणि खोदलेल्या पोकळीत परत भरायचा. गंधक तिथेही त्रास देतं, सिमेंट निवडून घ्यावं लागतं. पण त्यावर कुणी घर बांधून राहत नाही. यावर कुणी छापील पत्रक काढत नाही, ते सोडा.

बरण्या आल्या का परत? दगड कुणाकडे राहिला?