नसरीन मोहमदींची रेघ

कागद दोनेक फूट रुंद. त्यावर शाईच्या आडव्या रेघा, वर विरळ, खाली येता येता दाट. मधेच काही तिरक्या रेघा त्यांना छेदत निघून जातात. माणूस नाही, झाड नाही, रंग नाही. नसरीन मोहमदींची कितीतरी चित्रं अशा घडणीची आहेत. बहुतेकांना नाव नाही, खाली तारीखही नाही.

ही चित्रं आपल्या बडोद्याची. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा 1950 साली सुरू झाली. चित्रकला विभागाला वळण लावलं ते इंदूरच्या ना. श्री. बेंद्रे यांनी. नसरीन 1972 मध्ये इथे शिकवायला आल्या आणि 1990 मध्ये निधन होईपर्यंत बडोद्याच्याच राहिल्या. जन्म कराचीचा, शिक्षण लंडनला, शेवट अलिबागजवळच्या किहीमला. आजूबाजूला माणसांच्या गोष्टी रंगवणारे मातब्बर चित्रकार होते. नसरीन यांनी मात्र ड्राफ्ट्समनचं टेबल आणि आखणीची अवजारं घेतली आणि रेघच धरून ठेवली.

"हे काय, पट्टी धरून कुणीही काढेल!" या चित्रांसमोर हे हमखास ऐकू येतं. मग जरा जवळ जाऊ या. आखणीच्या जुन्या पेनाला दोन पाती असतात, मधे शाईचा थेंब धरलेला. हात क्षणभर रेंगाळला की रेघ जाड होते. पट्टीच्या कडेला शाई लागली की ती आत ओढली जाते, डाग पडतो, आणि अख्खा कागद वाया.

आता रेघ कुठे सुरू झाली ते बघा. शेजारून शिसपेन्सिलीची करडी रेघ चालली आहे, ती कुठे विरली ते बघा. मग रेघा सोडून मधल्या मोकळ्या पट्ट्यांकडे या: रुंद, अरुंद, त्याहून अरुंद. थोड्या वेळानं सपाट कागद मागे सरकायला लागतो, उतार दिसतो, खोली दिसते. ती आली आहे निव्वळ अंतरातून.

बडोद्यातल्या दांडिया बाजार भागातल्या गाणं ऐकणाऱ्यांना हे नवं नाही. आलापात कुणी गोष्ट शोधत नाही. दोन स्वरांमधली जागा कशी घेतली, त्याला दाद जाते.

शेवटच्या वर्षांत आजारानं नसरीन यांचा हालचालींवरचा ताबा सुटत गेला. त्याच काळात चित्रातल्या रेघा आणखी कमी झाल्या, पण ढळल्या नाहीत. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. 2016 साली न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर संग्रहालय उघडलं, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांमध्ये त्यांचं काम होतं.

मूळ चित्रं बघायची संधी मात्र सोडू नका. मोबाइलच्या पडद्यावर ती करडी रेघ जवळजवळ नाहीशीच होते. आणि कागद उजेडानं पिवळा पडतो, म्हणून दालनात दिवे मंद असतात, साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). काही महिन्यांनी चित्रं उतरवूनही ठेवतात. प्रदर्शन लागल्याचं कळलं की लगेच जा, आणि त्या उजेडाला डोळे सरावेपर्यंत एकाच चित्रासमोर थांबा.