खेळाडू म्हणायचे, तर पुरते म्हणा

(नाशिक येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेत उतरून व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांना खेळाडू म्हणायचे का, या विषयावर नाशिकमध्ये बोलायचे तर सुरुवात विदित गुजराथीपासूनच करायला हवी. २०२३ साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारताच्या पुरुष बुद्धिबळ संघाने रौप्यपदक मिळवले. त्या संघात आपला विदित होता. त्याच एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्सचे सामने पहिल्यांदा पदकांसाठी खेळवले गेले. विदितच्या पदकाबद्दल ‘बसूनच तर खेळला, घाम कुठे गाळला?’ असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. बुद्धिबळाची ही प्रतिष्ठा आजची नाही. १९६१ साली पहिल्यांदा अर्जुन पुरस्कार दिले गेले, तेव्हा मानकऱ्यांत मॅन्युएल आरोन होते. खेलरत्न तर सर्वांत आधी विश्वनाथन आनंदलाच मिळाला. म्हणजे घामाची कसोटी आपण केव्हाच सोडून दिली आहे. ती फक्त मोबाइल हातात धरलेल्या पोरासाठी पुन्हा बाहेर काढणे मला अन्यायाचे वाटते.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. माझा जीव मैदानात आहे. तरीही मी हे म्हणतो, कारण या मुलांचा सराव मी शेजारी बसून पाहिला आहे. बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांच्या लढाईचा गेम खेळणारा चौघांचा संघ होता. मोबाइल आडवा, दोन्ही अंगठे खाली आणि दोन्ही तर्जन्या वरून वाकवून काचेवर टेकवलेल्या. या पकडीला ती मुले ‘क्लॉ’ म्हणतात. डावा अंगठा माणूस पळवतो, उजवा नेम फिरवतो, एक तर्जनी गोळी झाडते, दुसरी स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, उघडते. शिवाय बंदुकीचा झटका आवरण्यासाठी अख्खा फोन मनगटातून अलगद झुकवायचा. घामाने बोट काचेवर अडखळू नये म्हणून बोटांना पातळ स्लीव्ह घातलेल्या. हे सगळे चालू असताना आयजीएल, म्हणजे संघाचा कप्तान, कानात सांगत असतो: झोन, म्हणजे खेळातला सुरक्षित भाग, कुठे सरकतोय, गाडी कुठे सोडायची, मागे कोणी थांबायचे. सामना संपला की रेकॉर्डिंग लावून चुका काढायच्या. कबड्डीत चढाई फसल्यावर आम्ही पोरांशी जे बोलतो, नेमके तेच बोलणे मला तिथे ऐकू आले.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. संघाशी करार करून, मानधन घेऊन, ठरलेल्या स्पर्धांत उतरणारी ही मुले व्यावसायिक खेळाडू आहेत. घरी सोफ्यावर लोळून खेळणारा प्रत्येक मुलगा त्यात येत नाही. केवळ स्ट्रीमिंग करून, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवून, कमावणाराही येत नाही. त्याचे काम करमणुकीचे आहे, त्यात कमीपणा नाही, पण ते वेगळे. पैसे लावून खेळण्याचा तर इथे संबंधच नाही, आणि पालकांच्या मनात सगळ्यात मोठा घोळ इथेच असतो. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ही रेघ मारली आहे: ई-स्पोर्ट्सला मान्यता आणि पैशांच्या खेळांवर बंदी. त्याआधी, डिसेंबर २०२२मध्येच, केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे सोपवले होते.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न व्यवहारात सोडवला. अमेरिकेने २०१३ साली ‘लीग ऑफ लेजंड्स’ या व्हिडिओ गेमच्या खेळाडूला क्रीडापटूंसाठीचा व्हिसा दिला. दक्षिण कोरियाच्या संघाने हांगझोऊला याच खेळात सुवर्ण जिंकले आणि त्या मुलांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली, जशी तिथल्या इतर सुवर्णविजेत्यांना मिळते. आपल्या तीर्थ मेहताने २०१८ साली जकार्त्याच्या एशियाडमध्ये ब्राँझ मिळवले, पण तेव्हा ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय होते, त्यामुळे ते पदकतालिकेत धरले गेले नाही.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. कबड्डीला मालक नाही, व्हिडिओ गेमला असतो; तो एका कंपनीचा माल, त्यावर बंदी आली की खेळच थांबतो. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि त्यावर पोट असलेल्या मुलांचा खेळच गेला. जुलै २०२१मध्ये तो बीजीएमआय नावाने आला, पुढच्या जुलैत ॲप स्टोअरवरून उतरवला गेला, मे २०२३मध्ये पुन्हा परतला. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यातली कविता राऊत २०१०च्या ग्वांगझू एशियाडमधून दहा हजार मीटरचे रौप्य घेऊन आली. तिच्या वाटेत अडचणी काही कमी नव्हत्या, पण धावणेच कोणी एका संध्याकाळी काढून घेईल, ही भीती तिला नव्हती.

काही जण म्हणतात, म्हणूनच हा खेळ नव्हे. मला उलटे वाटते. उमेदीची वर्षे अशा अस्थिर धंद्यात घालणाऱ्या मुलाला खेळाडूचे संरक्षण जास्तच हवे. मनगट दुखले तर फिजिओ, परीक्षेच्या वेळी हजेरीची सवलत, आणि उत्तेजकांची तपासणीसुद्धा. २०१५ साली काउंटर-स्ट्राइक या व्हिडिओ गेमच्या एका खेळाडूने स्पर्धेत एकाग्रतेसाठी औषधाच्या गोळ्या घेतल्याचे उघड सांगितले, तेव्हा ईएसएल या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने चाचण्या सुरू केल्या. मान मागायचा, तर ही शिस्तही घ्यावी लागेल.

समोर बसलेल्या पालकांना एक सांगतो. अठरा वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून कागद तुमच्याकडेच येणार आहे. तो नीट वाचा. बक्षिसातला वाटा किती, मुलाच्या यूट्यूब चॅनेलवर हक्क कोणाचा, संघ सोडायचा तर काय, हे बघा. आणि गेमवर बंदी आली तर मानधन किती महिने चालू राहील, हे लिहून घ्या. त्या कलमाला संघमालक तयार नसेल, तर सही करू नका.