पुलमची डुकरं

नमस्कार मंडळी. आज आपण जायचंय इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या पुलम गावाला. लिहिताना पुलहॅम लिहितात, पण म्हणायचं पुलम. शेतीवाडीचं गाव, आणि पहिल्या महायुद्धात गावालगतच्या शेतांत नौदलाने एअरशिपचा तळ उभा केला. एअरशिप म्हणजे जत्रेतला गॅसचा फुगा आठवा, तोच लांबुळका करून खाली इंजिनं लावलेली. गॅस हायड्रोजन, म्हणजे ठिणगी पडली की संपलं. 1916 पासून ही विमानं नॉर्थ सीवर जर्मन पाणबुड्या शोधत फिरायची. गावकऱ्यांना ती डुकरासारखी दिसली, म्हणून नाव पडलं पुलमची डुकरं, आणि तेच टिकलं. गावाने ठेवलेलं नाव सरकारी नावापेक्षा नेहमी खरं असतं असं मला मनापासून वाटतं, आपल्याकडेही रस्त्यांना नवी नावं देतात आणि रिक्षावाला जुन्याच नावाने नेतो.

बरं, आता जे सांगायला आलोय ते. युद्ध संपलेलं, तारीख 16 एप्रिल 1925. आर 33 नावाचं एअरशिप, लांबी 643 फूट, नाकाने उंच खांबाला बांधलेलं, जसं बैल वेसणीने बांधावा. सकाळी वादळ आलं आणि विमान खांबावरून तुटलं. नाक फाटलं, पुढची गॅसची पिशवी गेली, आणि आत फक्त 20 माणसं, कॅप्टनसुद्धा नाही, म्हणून कमान फ्लाइट लेफ्टनंट बूथ यांच्याकडे आली. लक्षात घ्या, 643 फूट आणि 20 माणसं! नाक खाली जायला लागलं तसं त्यांनी वजन कमी करायला पाणी सोडलं, इंजिनं सुरू केली, पण वारा इतका की विमान शेपटीकडून मागे मागे समुद्रावर चाललेलं. खाली लोस्टॉफ्टहून लाइफबोट निघाली, तिलाही हवेने परत फिरवलं. आणि वर, फाटलेल्या नाकात, सार्जंट हंट आणि सोबतचे लोक वाऱ्यात लटकून कापड बांधत होते, ज्याने पुढून हवा आत घुसू नये. पाचेक तासांनी विमान काबूत आलं, तोवर हॉलंडचा किनारा जवळ. रात्रभर तिथेच वाऱ्याशी झुंजत राहिले, पहाटे पाचला परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आर 33 पुलमच्या शेडमध्ये. 29 तास, मंडळी, 29 तास! आणि एकही माणूस गेला नाही.

राजा पंचम जॉर्जने प्रत्येकाला नाव कोरलेलं घड्याळ दिलं. घड्याळ ही खरी भेट, हल्ली सगळे मोबाईलमध्ये वेळ बघतात, पण वडिलांचं मनगटी घड्याळ हातात घेतल्यावर जे वाटतं ते मोबाईलला नाही.

पुढे पुलमची एक शेड उचलून इंग्लंडमधल्याच कार्डिंग्टनला नेली, ती आजही उभी आहे. तिथेच शेजारच्या शेडमध्ये आर 101 नावाचं दुसरं एअरशिप बांधलं, ते निघालं कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीला. 5 ऑक्टोबर 1930 ला फ्रान्समध्ये कोसळलं, 48 जण गेले. त्यात आपले सार्जंट हंट होते. कराचीत त्या विमानासाठी भलीमोठी शेड आणि खांब तयार होता.