रुग्णाचं गुपित किती वर्षं टिकलं पाहिजे?

नमस्कार. आज समोर रुग्णालयांचे प्रशासक आहेत, पॅथॉलॉजी लॅब चालवणारे आहेत, आरोग्य विम्यातली मंडळी आहेत आणि या सगळ्यांचे संगणक सांभाळणारेही आहेत. आजचा विषय ‘क्वांटम’ संगणकाचा, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या भौतिकीनं चालणाऱ्या नव्या प्रकारच्या संगणकाचा आहे, पण सुरुवात मी १९४३ पासून करणार आहे.

१ फेब्रुवारी १९४३ रोजी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन हॉल इथे, सोव्हिएत संघाच्या सांकेतिक तारा फोडायचं काम सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या जीन ग्रेबील आधी शाळेत शिकवत होत्या. त्या वेळी या तारा कुणालाच वाचता येत नव्हत्या, तरी त्यांचे गठ्ठे जपून ठेवलेले होते. १९४२च्या सुरुवातीला सोव्हिएत बाजूकडून एक घोळ झाला होता. एकदाच वापरून फेकायच्या किल्ल्यांची काही पानं दोनदा छापली गेली होती. तेवढ्या फटीतून पुढे जवळपास तीन हजार तारा, काही पूर्ण आणि काही अर्धवट, उलगडल्या. हे काम बंद झालं १ ऑक्टोबर १९८० रोजी, आणि जगाला कळलं १९९५ साली. व्हेनोना हे त्याचं नाव. तार पाठवणारे निवृत्त झाले, काही वारले, पण त्यांचा मजकूर कुणीतरी टेबलावर घेऊन बसलेलंच होतं.

आज जमवून ठेवायचं आणि फोडायचं साधन हाती आलं की फोडायचं, हीच पद्धत आहे. आज फरक इतकाच, की साठवण अतिशय स्वस्त झाली आहे. आणि तुमच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं लॉगमध्ये दिसतं, तसं हे दिसत नाही. कारण इथे कुणी घुसतच नाही. वाटेवरून जाणाऱ्या डेटाची फक्त प्रत काढली जाते.

आता फोडायचं साधन कुठलं? रुग्णालयातून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, प्री-ऑथचे, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचे, कागद जातात, त्यात निदान असतं, औषधं असतात. जाताना ते एन्क्रिप्ट होतात, म्हणजे सांकेतिक रूपात बंद होतात. दोन टोकांचे संगणक आधी आपसांत एक गुप्त किल्ली ठरवतात आणि मग त्या किल्लीनं मजकूर बंद करतात. मजकूर बंद करणारी पद्धत, म्हणजे एईएस, क्वांटम संगणकासमोरही टिकेल असं मानलं जातं, त्यातही एईएस-२५६ घेतली तर निश्चिंत राहावं. कच्चा दुवा आहे किल्ली ठरवण्याचा. आरएसए काय किंवा एलिप्टिक कर्व्ह काय, किल्ली ठरवायच्या या पद्धतींचा सगळा भरवसा अशा गणितांवर आहे जी नेहमीच्या संगणकाला आवाक्याबाहेरची आहेत. गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक ती तुलनेनं फार कमी वेळात सोडवेल. म्हणजे ज्यानं आज तुमचं किल्ली ठरवतानाचं बोलणं आणि त्यामागून गेलेला मजकूर दोन्ही टिपून ठेवलं, त्याला त्या दिवशी किल्ली मिळेल आणि किल्लीबरोबर निदानही मिळेल.

‘पण असा संगणक आहे कुठे?’ हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात, आणि तो रास्त आहे. आज तो नाही. गूगलनं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या विलो चिपमध्ये १०५ क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाची मूळ एककं, आहेत. पण दुसरी बाजूही बघा. २०१९ साली संशोधक क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरा यांनी हिशोब मांडला होता, की २०४८ बिटांची आरएसए फोडायला २ कोटी क्युबिट आणि ८ तास लागतील. मे २०२५ मध्ये गिडनींनीच नवा हिशोब दिला: १० लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. सहा वर्षांत गरज विसाव्या हिश्शावर आली, ती केवळ कागदावरच्या सुधारणांनी. यंत्राची वाढ आपल्याला बातम्यांत दिसते, गणिताची प्रगती एखाद्या शोधनिबंधातून एका रात्रीत येते. म्हणून वर्ष सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही. या विषयाचे अभ्यासक मिशेल मोस्का यांनी विचार करायची जी रीत सांगितली आहे ती घ्या. डेटा किती वर्षं गुप्त राहायला हवा, आणि यंत्रणा बदलायला किती वर्षं लागतील? या दोन्हींची बेरीज जर तो संगणक येण्याच्या काळापेक्षा मोठी असेल, तर आपल्याला उशीर झालेला आहे.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. आपल्याकडच्या नियमांत नोंद किती वर्षं सांभाळायची ते लिहिलेलं असतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांत आंतररुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायला सांगितलं आहे. कंपनी कायद्यात हिशोबाची पुस्तकं ८ वर्षं. मग आपले आयटीवाले हाच आकडा उचलतात आणि सुरक्षेचं आयुष्यही तेवढंच धरतात. ही गल्लत फार महागात पडणार आहे. नोंद सांभाळायची मुदत आणि ती गुप्त राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचआयव्ही आणि एड्सबाबतचा २०१७चा कायदा रुग्णाच्या संमतीविना त्याची स्थिती उघड करू देत नाही, आणि ३ वर्षांनी हे बंधन सुटतं असं त्यात कुठेही नाही. बावीस वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट आज पॉझिटिव्ह आला, तर त्याची नोकरी, लग्न, घर, म्हातारपण सगळं त्या गुपिताच्या आड आहे. पन्नास-साठ वर्षं धरा.

जनुकीय तपासणीत तर एवढ्यावरही भागत नाही. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए जनुकातला दोष आईच्या रिपोर्टमध्ये निघाला, तर तो मुलीत असण्याची शक्यता निम्मी असते. ती मुलगी कदाचित अजून जन्मलेलीही नसेल. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, कार्ड बंद करून नवं मिळतं. जनुकं बदलून देणारा काउंटर कुठेही नाही. जीनोमइंडिया प्रकल्पात आपल्या देशातल्या १०,००० लोकांचे जनुकक्रम गोळा झाले आणि ते फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहेत. संशोधनासाठी हे धन अनमोल आहे, मी त्याच्या पूर्ण बाजूनं आहे. पण अशा धनाची राखण पिढ्यांच्या हिशोबानं करावी लागते.

फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रं होती. तिथल्या समुपदेशनाच्या नोंदी २०१८च्या सुमारास चोरीला गेल्या, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये रुग्णांना थेट धमकीचे ईमेल आले: पैसे द्या, नाहीतर तुम्ही थेरपिस्टशी जे बोललात ते जगासमोर ठेवतो. त्या चोरीला क्वांटम लागलं नाही, साधी निष्काळजी पुरली. म्हणून आजही ज्यांच्याकडे पॅक्सचा, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रतिमा साठवणारा, सर्व्हर डीफॉल्ट पासवर्डवर चालतो, त्यांनी आधी तो बदलावा, माझं बाकीचं भाषण नंतर ऐकलं तरी चालेल.

उपाय आता हाताशी आहेत. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं २०१६ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले, आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी पहिली तीन मानकं प्रसिद्ध केली. किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केईएम, डिजिटल सह्यांसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. मधल्या काळात काही उमेदवार पडलेही. साईक नावाची पद्धत निवडीच्या चौथ्या फेरीपर्यंत पोचली होती. २०२२च्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या दोन गणितज्ञांनी ती साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फोडली. त्यामुळे सध्या जाणकार जुनी आणि नवी पद्धत जोडीनं वापरायला सांगतात. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसं हे आहे. एक किल्ली चोराला मिळाली तरी लॉकर उघडत नाही.

हे दूरचं काही नाही. क्रोममध्ये एखादं संकेतस्थळ उघडा, डेव्हलपर टूल्समध्ये सिक्युरिटीचं पान पाहा. ‘एक्स२५५१९एमएलकेईएम७६८’ असं लांबलचक नाव दिसलं, तर तिथे ही जोडी लागलेली आहे. सिग्नल या मेसेजिंग ॲपनं २०२३ मध्ये आणि ॲपलच्या आयमेसेजनं २०२४ मध्ये असं संरक्षण आणलं. घरी गेल्यावर तुमच्या रुग्णालयाचं रिपोर्ट डाउनलोड करायचं पोर्टल असंच उघडून पाहा. मित्रांच्या गप्पा भक्कम वाटेनं जातात आणि बायोप्सीचा रिपोर्ट जुन्या वाटेनं, असं आढळलं तर मला त्याचं फार वाईट वाटेल, आणि तुम्हालाही वाटायला हवं.

बदलताना अडचणी येतात त्या बारीकसारीक ठिकाणी. जुन्या एक्स२५५१९ या एलिप्टिक कर्व्ह पद्धतीत किल्ली ठरवताना प्रत्येक बाजूनं ३२ बाइट पाठवावे लागत. एमएल-केईएम-७६८ मध्ये एका बाजूनं १,१८४ आणि दुसऱ्या बाजूनं १,०८८ जातात. पहिला निरोप एका पॅकेटमध्ये मावत नाही, आणि काही जुन्या फायरवॉल तिथेच अडखळतात. दुसरी जागा बॅकअपची. विक्रेता छातीठोकपणे सांगतो, ‘सगळं एईएस-२५६ मध्ये आहे.’ त्याला विचारा, ही एईएसची किल्ली कशात गुंडाळून ठेवली आहे? उत्तर ‘आरएसए’ आलं, तर दहा वर्षांच्या टेप एका जुन्या कुलपाच्या भरवशावर पडून आहेत.

म्हणून पहिलं काम यादीचं. कुठल्या वाटेवर, कुठल्या साठ्यात, कुठलं एन्क्रिप्शन आहे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं जुलै २०२५ मधल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये क्रिप्टोग्राफीच्या अशा यादीचा, म्हणजे सीबॉमचा, समावेश केला आहे. निस्टच्या मसुद्यानुसार आजची २०४८ बिटांची आरएसए २०३० नंतर टाळायची आणि २०३५ नंतर बंद करायची आहे. यादीत प्रत्येक नोंदीपुढे गुप्ततेची वर्षं लिहा. कँटीनचं बिल आणि मानसोपचाराची नोंद एकाच रांगेत उभी राहू नये. आणि जे ठेवायची गरज संपली आहे ते पुसा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही हेतू संपल्यावर डेटा पुसायचं कर्तव्य आहेच. जो डेटा पाठवलाच नाही, ठेवलाच नाही, तो कुठल्याही संगणकाला फोडता येत नाही.

मघाशी एका डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली आहे: आमचं तीस खाटांचं रुग्णालय, वेगळा आयटी विभाग नाही, आम्ही काय करायचं? डॉक्टर, तुम्हाला गणित शिकायचं नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, कारण ब्राउझर आणि सर्व्हरच्या नव्या आवृत्त्यांत हे आपोआप येत आहे. खरा प्रश्न आहे तो तुम्ही या वर्षी घेणार असलेल्या एमआरआय किंवा सीटी मशीनचा. ते १०-१२ वर्षं चालणार, म्हणजे २०३५ ओलांडणार. ऑर्डर देण्याआधी कंपनीला लेखी विचारा: मशीनमधून पॅक्सकडे प्रतिमा जातात तिथलं एन्क्रिप्शन बदलता येतं का, फर्मवेअरची, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरची, डिजिटल सही नव्या पद्धतीनं तपासता येईल का, आणि तो बदल कोणत्या साली, कुणाच्या खर्चानं मिळेल? उत्तर पर्चेस ऑर्डरमध्ये अट म्हणून घाला. पैसे चुकते झाल्यावर विचारलंत, तर तेच काम पुढच्या एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, दरात येईल.